सुकेशनी मॅडमची अकरा शेतं

दिवाळीच्या सुट्ट्या संपून आठवडा झाला होता. सुकेशनी मॅडमनी आठवीच्या फळ्यावर चारच शब्द लिहिले: अँड, बट, ऑर, सो. दोन वाक्यं जोडायची असतील तर या चौघांपैकी एकाला हाक मारायची, एवढं सांगून त्यांनी गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी एकतीस वह्या आल्या आणि त्यांतल्या सव्वीस वह्यांत एकच वाक्य होतं: ‘ही इज पुअर बट ही इज ऑनेस्ट.’

"हा गरीब प्रामाणिक माणूस राहतो कुठं?" मॅडमनी विचारलं.

"गाइडात, मॅडम," मागून कोणीतरी बोललं आणि वर्ग खिदळला.

मॅडमही हसल्या, पण वह्या त्यांनी परत केल्या. "आता वाक्यं घरातली आणायची. घरात काल काय झालं, बाप काय म्हणाला, शेतात काय चाललंय. चुकलं तरी चालेल. गाइडातलं दिसलं तर वही पुन्हा परत."

शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरातून पहाटे निघून दोन बस बदलून फुलंब्रीच्या पलीकडच्या या गावात यायचं आणि संध्याकाळी तसंच परतायचं, असं त्यांचं सहावं वर्ष चालू होतं. वह्या तपासायच्या त्या बसमध्येच. पण दुसऱ्या दिवशी मोनिकाची वही त्यांनी वर्गातच उघडली, कारण फेब्रुवारीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी त्यांची सगळी भिस्त या मुलीवर होती. वहीत लिहिलं होतं: ‘माय फादर टेक्स शीप अँड वुई गो अँड आय गो अँड स्कूल स्टॉप्स.’

"मोनिका, सगळीकडं अँडच? एखादा बट नाही?"

"बट कुठं लावू मॅडम? आमच्या घरी दादापुढं कोन ‘पण’ म्हनतच नाय."

दादा म्हणजे तिचा बाप, बिरू. दीडशे मेंढ्या. पिकं निघाली की कुटुंब कळप घेऊन निघायचं आणि थेट उन्हाळ्यात परतायचं. मधल्या सुट्टीत सुकेशनी मॅडम त्याच्या पालावर गेल्या. बिरू खाली मान घालून ऐकत राहिला. बोलली त्याची आई, पुतळाबाई.

"बाई, पोर्गी हितं ठिवली तर कोकरं कोन सांभाळंल? आन् एकल्या पोरीला ठिवायचं कुनाजवळ?"

"परीक्षेपर्यंत तुम्हीच थांबा की सगळे."

"थांबतो," बिरू पहिल्यांदाच बोलला. "मेंढ्यांनी खायचं काय? तुमचा खडू?"

मॅडम पुढच्या तासाला परतल्या. त्या संध्याकाळी बस हर्सूलच्या अलीकडं गर्दीत अडकली, तेव्हा त्या उरलेल्या वह्या चाळत होत्या. शिवमनं लिहिलं होतं: ‘अवर मेझ इज कट, सो फील्ड इज एम्प्टी.’ सांडूभाऊंच्या सायलीनं लिहिलं होतं: ‘फादर वॉन्ट्स शीप इन फील्ड फॉर खत, बट शीप गो अवे.’ खताला इंग्रजी शब्द तिला सापडला नव्हता. मॅडमनी ती चूक दुरुस्त केलीच नाही. त्यांनी सगळ्या वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. चौदा घरांचा मका निघून रान मोकळं पडलं होतं. म्हणजे तिथं मेंढ्यांना चारा होता. रात्री मेंढ्या शेतात बसवल्या की लेंडीखत आयतं पडतं, आणि त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायची रीत तर गावात जुनीच होती. विचारायला जाणारं कोणी नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मॅडम घरोघरी फिरू लागल्या. शेवटची बस दोनदा चुकली. मुख्याध्यापक बिभीषण सरांनी विचारलंच, "मॅडम, व्याकरण शिकवायचं सोडून मेंढ्या वळायला लागलात काय?"

"दोन्ही करतेय, सर. माझा तास बुडाला तर सांगा."

सांडूभाऊ लगेच तयार झाले. "चार रात्री बसवा. पन मेंढरं बांधावरच्या तुरीत घुसली तर मी तुम्हाला धरनार, मॅडम. बिरूला नाय."

"धरा मला," मॅडम म्हणाल्या.

पाचव्या दिवशी चौदा नावांचा कागद घेऊन त्या पालावर गेल्या. बिरूला वाचता येत नव्हतं, म्हणून मोनिका एकेक नाव मोठ्यानं वाचू लागली. पाचव्या नावाला बिरूनं हात वर केला.

"गोकुळअण्णाचं शेत? तिथं गहू उगवलाय, म्याडम. मेंढ्या बसवल्या तर खत ऱ्हाईल बाजूला, अण्णाचा गहू पोटात!"

पुतळाबाई तोंडाला पदर लावून हसू लागली. "शिकल्याली बाई हाय, पर रान नाय कळत तिला."

मॅडमचे कान तापले. अण्णांनी ‘हो’ म्हटलं होतं ते मागच्या बाजूच्या पडीक तुकड्यासाठी, की बाईमाणसापुढं नाही कसं म्हणायचं म्हणून, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. अशी आणखी दोन शेतं निघाली. त्यांनी पेन काढून तिन्ही नावं खोडली.

"अकरा राहिली," त्या म्हणाल्या. "चार-चार रात्री धरल्या तर संक्रांतीपर्यंत तुम्हाला गाव सोडायचं कारण नाही. कोकरं मोनिका शाळा सुटल्यावर बघेल."

"आन् संक्रांतीनंतर?" पुतळाबाईनं विचारलं. आता ती हसत नव्हती. "परीक्षा तर त्याच्या म्होरल्या म्हयन्यात."

"संक्रांतीनंतर शेजारच्या गावात फिरेन. या वेळी रान आधी बघून मग विचारेन."

मोनिका बापाकडं बघत होती. "दादा, मला परीक्षा द्यायचीय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण नजर तिनं खाली घेतली नाही.

बिरूनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि लेकीला परत दिला.

"म्याडम, शेजारच्या गावात तुमी जाऊ नका. तिथली मान्सं तुमाला गव्हातच बसवतील. म्होरची शेतं मी गाठतो. मलाबी तोंड हाय." तो उठला, काठी घेतली. "पयलं सांडूभाऊचं. उद्या दुपारी मेंढ्या हलवतो. मोने, शाळा सुटली की घरी येऊ नगंस, सरळ तिकडंच ये."