मधली जागा

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं माझं कधीच पटलं नाही. माझ्या हातचा चहा त्यांना पाणचट लागतो, आणि त्यांचे रंगाचे डबे माझ्या मोरीत पडलेले असतात. पण कलासंग्रहालयात लोक त्यांच्याशी जसे वागले, ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वन्सं नाटकाचे पडदे रंगवायच्या. राजवाडा, जंगल, नदीकाठ. पडद्यासमोर नट उभे राहायचे, टाळ्या घ्यायचे, आणि नाटक बंद पडलं की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचं काम. उभ्या आयुष्यातलं त्यांचं एकही चित्र आज शिल्लक नाही. म्हणून संग्रहालयाने सहा चित्रकारांकडून मिळून एक भिंत रंगवून घ्यायची ठरवली आणि त्यांना बोलावलं, तेव्हा बाई चक्क माझ्याशी गोड बोलल्या. "अगं, ही भिंत राहणार आहे. पुसणार नाहीत!"

बाकीच्या पाचजणांनी मोक्याच्या जागा आधीच पटकावल्या होत्या. एकाचे घोडे, एकीचा बाजार, कुणाचा समुद्र, कुणाची यंत्रं. तांबडा घोडा हिरव्या समुद्राला भिडला की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हायचं. या सगळ्यांना जोडून घ्यायचं काम अर्थातच वन्संच्या गळ्यात पडलं. गुडघे दुखत असताना त्या परांचीवर बसून पातळ रंगाचे थर चढवत राहिल्या. मध्यभागी त्यांनी पहाटेचं आभाळ ठेवलं. त्यात एक पक्षीसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बघणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा मग?"

उद्घाटनाला आम्ही दोघी गेलो, तर त्याच आभाळावर देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी! चारी कोपऱ्यांना स्क्रू, थेट भिंतीत.

वन्सं जवळ जाऊन स्क्रू बघायला लागल्या. मी मात्र संचालकांना गाठलं. ते हसून म्हणाले, "अहो, मधली जागा रिकामीच होती ना!" रिकामी म्हणे! डोळे आहेत की बटणं? बाकीचे चित्रकार हातात सरबताचे ग्लास धरून जमिनीकडे बघत होते. घोडेवाला तर म्हणाला, "पाटी शोभतेय तशी." शोभणारच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला याचं काय जातंय?

तेवढ्यात वन्संनी कोपऱ्यातली शिडी ओढली, पर्समध्ये नाटकाच्या दिवसांपासून असतो तो पेचकस काढला आणि भरल्या पाहुण्यांत पाटी उतरवली. ती घेऊन त्या तडक घोड्यांपाशी गेल्या.

"इथे लावू?"

"अहो, काय करताय! चित्र आहे ते!"

त्या बाजाराकडे वळल्या. बाजारवाली हात पसरून आडवीच आली. "बाई, माझ्या चित्राला हात लावायचा नाही!"

यंत्रांपाशीही तेच झालं. मग वन्संनी संचालकांकडे बघितलं. "हे चित्र, तेही चित्र. मग मी इतके दिवस वर बसून काय करत होते, ते सांगा ना कुणीतरी."

संचालक पुटपुटले, "बाई, जरा गैरसमज झाला."

"गैरसमजाने भिंतीला भोकं पडत नाहीत," मी म्हणाले. "त्याला ड्रिल लागतं."

वन्संनी पाटी त्यांच्याच हातात दिली. "धरा. जड आहे." ठेवायला जागा कुठेच नव्हती, म्हणून ती छातीशी कवटाळूनच संचालकांनी भाषण केलं. म्हणाले, ही भिंत सगळ्यांची आहे. त्यांच्या मागे आभाळात चार भोकं दिसत होती, आणि टाळ्या वाजवायला आम्ही दोघींनी हात उचलले नाहीत.