हात हलका झाला

शिंपीमास्तरांचा उजवा हात लकव्याने गेला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. जन्मभर ज्या हाताने कापड सरळ रेषेत कापलं, त्याला आता स्वतःच्या शर्टाचं बटण लागेना. वाचा तेवढी शाबूत राहिली, पण बोलायची इच्छाच उडाली. जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं की मास्तर भिंतीकडे तोंड फिरवत. "एकदाचा सुटलो म्हणजे बरं," एवढंच बायकोपाशी पुटपुटत.

डॉक्टरच म्हणाले, गोळ्यांच्या जोडीला योगवर्गाला न्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत लकव्यातून उठलेली म्हातारी माणसं खुर्चीत बसून, डोळे मिटून लांब श्वास घेत, गुणगुणत. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "हे तर बसल्या बसल्या घोरणं झालं!" किती महिन्यांनी बायकोला हसू फुटलं.

फरक पडला. झोप लागू लागली, दोन घास जास्त जाऊ लागले. दुकानात बसून ते सुनेला गळा कसा कापायचा ते तोंडी सांगू लागले.

पण ध्यानातली ती शांतता वाढतच गेली. हाक मारली तर ओ देईनात. एका सकाळी घरीच ध्यानातून उठून म्हणाले, "अगं, आज आत उजेड दिसला. डावा हात इतका हलका झालाय, जणू माझा नाहीच."

त्यांना वर्गाला न्यायला आलेले, वर्गातलेच एक निवृत्त पोस्टमन हे ऐकून गहिवरले. "मास्तर, देहाचा मोह सुटत चाललाय तुमचा. नशीबवान आहात!"

बायकोचं लक्ष मात्र त्या हाताकडे गेलं. त्याच हातातून मघाशी चहाचा कप निसटला होता. "अहो, गोळ्या घेताय ना?"

"मन निवांत झाल्यावर गोळ्या कशाला? केव्हाच सोडल्या."

तिने तडक जाऊन योगवर्ग घेणाऱ्या बाईंना गाठलं. ऐकताच बाई उठल्या. "वहिनी, श्वासाने मन हलकं होतं, हात नाही. गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

दोघी घरी आल्या, पण मास्तर जागचे हलेनात. "सुखाने बसलोय, ते बघवत नाही तुला," ते म्हणाले, आणि शेवटचा शब्द तोंडातच घोळला. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. सून आणि बाई, दोघींनी त्यांना उचलूनच गाडीत घातलं.

जीव वाचला. डाव्या हाताची बोटं हलतात, जीभ अडखळते. मास्तर पुन्हा वर्गाला जातात. गोळ्या बायकोच्या डोळ्यांदेखत गिळतात. शिलाई मशीन तिने त्यांच्या खुर्चीलगत आणून ठेवलंय. ते डोळे मिटून बसले की मधूनच विचारते, "अहो, धागा कुठला लावू? काळा की निळा?"

"काळा," ते म्हणतात.

परवा उत्तर आलं नाही. मशीन थांबवून तिने पाहिलं. चेहऱ्यावर निवांत हसू. पुन्हा विचारलं, मग खांदा धरून गदागदा हलवला.

"ऐकू आलं गं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "तिथून यायला वेळ लागतो."