राखणीचा कोंबडा ग्रीसला गेला

हसणार नसाल तर सांगतो. आणि सांगण्याआधीच एक गोष्ट स्पष्ट करतो: चूक माझी नव्हती! गेल्या महिन्यापासून आमच्या वाडीत माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते तुमच्याही कानावर आलं असेल. कट्टा गावच्या बाजारात मी भाजी घ्यायला थांबलो की भाजीवालीसुद्धा पदर तोंडाला लावते. लावू दे! तुम्ही आधी माझी बाजू ऐका.

सुरुवात झाली एका रविवारी. पाहुणे येणार म्हणून शुभांगी, म्हणजे आमची सौभाग्यवती, सकाळी सातपासून सागोतीच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याच्या, मागे लागलेली. खोबरं भाज, कांदा भाज, मसाल्याचं वाटप कर, वड्यांचं पीठ मळ. मी पडवीत बसून मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होतो. ग्रीस देशातली एक बाई. दही, लसूण, लिंबू लावलेली कोंबडी भाजते, जाड रोटीत काकडीच्या दह्याबरोबर गुंडाळते, आणि वीस मिनिटांत हसत हसत सगळं घर जेवायला बसवते.

आता मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. घरात मालवणी बोलतो, पण वाद घालायचा असला की माझी जीभ आपोआप शाळेत जाते. मी म्हणालो, "कोंबडीच्या जेवणाचा एवढा बाऊ करायची गरज नसते. ग्रीसमध्ये वीस मिनिटांत होतं."

आत मिक्सर बंद झाला. बावीस वर्षांच्या संसारात मला एवढं नक्की कळलंय, की मिक्सर मध्येच बंद झाला तर माणसाने उठून मागच्या परड्यात जावं. मी गेलो नाही.

"ग्रीसमदी तुमची कोण रवता?" शुभांगी दारात उभी.

"भौगोलिकदृष्ट्या ग्रीस आणि मालवण सारखेच आहेत," मी म्हटलं. "समुद्र आहे, डोंगर आहे, मासे आहेत. फरक फक्त वाटपाचा आहे."

"बरा तर. येत्या शुक्रवारी आपली सई घराक येतली. आबाकाका-काकूंकाय जेवूक बोलवा. जेवाण तुमी करायचा. मी मदत करूचंय नाय, आणि मदी तोंडय उघडूचंय नाय."

"उघडूच नकोस! मला कुणाचा सल्ला नको!"

"आणि फसला, तर चार माणसांत हात जोडून म्हणायचा, माजा चुकला. लग्न झाल्यापासून एकदाय म्हटल्यात नाय. माका एकदा ऐकूचा आसा."

"कबूल!" मी म्हणालो. भ्यायचं कशाला? चुकलो असतो तर म्हटलं नसतं का बावीस वर्षांत?

पुढचे चार दिवस मी अभ्यास केला. अहो, परीक्षेला बसणारी पोरं करत नाहीत एवढा! कानात ती मोबाइलची बोंडं घालून पडवीत बसायचं आणि ग्रीसच्या बाईकडून रोटी शिकायची. कट्ट्याचा बाबल कोंबड्या विकतो, माझा जुना विद्यार्थी. त्याला फोन करून सांगितलं, शुक्रवारी सकाळी घरी एक कोंबडी पोचव. गुरुवारी रात्री दही माझ्या धुतलेल्या पंच्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगलं. सगळी तयारी चोख.

शुक्रवारी किरकोळ रजा टाकली. शुभांगी आठलाच अंगणवाडीत गेली. तिथे ती सेविका आहे. मी आंघोळ करून मागच्या दारी आलो, तर डालग्याखाली काहीतरी खुडबुडतंय. आमच्या कोंबड्या मुंगसाने गेल्या वर्षीच संपवल्या होत्या, तेव्हापासून डालगं रिकामंच. उचलून बघतो तर आत एक कोंबडा! तांबडाबुंद, मानेवर सोनेरी पिसं, तुरा असा की वर्गाचा मॉनिटरच. पायाला लाल दोरा.

माझा ऊर भरून आला. बघा, विद्यार्थी असावा तर असा! मास्तरांना कापलेला माल कशाला द्यायचा म्हणून बाबलने जिवंत कोंबडा आणून ठेवला, वर ओळखायला दोरा बांधला. माझ्या जागी तुम्ही असता तर दुसरं काय समजला असता?

कोंबडा पिशवीत घातला आणि स्कूटरवरून बाजार गाठला. बाबलचं दुकान बंद, तो माल पोचवायला गेलेला. म्हणून पलीकडच्या नानाकडे गेलो. नानाने कोंबडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, ह्येच्या पायाक दोरो कित्याक?"

"ऑर्डरची खूण आहे."

"नक्की? कापू?"

"काप! आणि हाडं काढून दे सगळी."

नानाचा सुरा हातातच राहिला. "गावठी कोंब्याची हाडा काढून? मगे रस्सो कसलो करतल्यात?"

"रस्सा नाही करणार. ग्रीक पद्धत आहे."

नानाने सुरा चालवला. वेड्या गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत, हा धंद्याचा नियम.

दुपारी कोंबडीला दही, लसूण, लिंबू लावलं. पिझ्झाबरोबर येणाऱ्या वाळक्या पाल्याच्या पुड्या आमच्या लेकीने, सईने, डब्यात साठवल्या होत्या, त्या सगळ्या ओतल्या. करवंट्यांचे निखारे केले. ग्रिल आमच्याकडे कुठलं? सुके बोंबील भाजायची जाळी होती, ती घासूनपुसून वापरली. थोडा बोंबलाचा वास लागला. लागणारच! ग्रीसलाही समुद्र आहे.

वीस मिनिटं झाली. तुकडा चावून बघितला. चप्पल! चाळीस मिनिटं झाली. नवी चप्पल! अहो, परड्या-परड्यातून धावून वाढलेला कोंबडा तो. त्या ग्रीसच्या बाईची कोंबडी आयुष्यात उठून उभी तरी राहिली होती का?

शेवटी मी सगळं कुकरात घातलं. कुणी नव्हतं बघायला. पण शिट्ट्यांना आवाज असतो, हे मी विसरलो. आठवी शिट्टी झाली आणि अंगणापलीकडून काकूंची हाक आली, "मास्तरानू, जेवाण शिजवतास काय गाडी सोडतास?"

मी नववी शिट्टी होऊ दिली. ग्रीसमध्ये कुकर नसतील असं कुणी सांगितलंय?

संध्याकाळी सई कोल्हापूरहून आली. शुभांगी आली, ओटा बघितला, मांडीवर हात घट्ट दाबून खुर्चीत बसली आणि बोलल्याप्रमाणे गप्प राहिली. शिजलेली कोंबडी मी पुन्हा निखाऱ्यांवर खरपूस केली, रोट्या भाजल्या, आत काकडीचं दही, कांदा, टोमॅटो, आणि केळीच्या पानात एकेक गुंडाळी बांधली. आठच्या आत आबाकाका-काकू हजर.

आबाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आज घरात सगळ्यात वडील. त्यांनी गुंडाळी हातात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

"चपाती, कोंबो आणि कोशिंबीर. ताटात सुटा वाढलंस आसता तर गावला नसता काय? गुंडाळलंस कित्याक?"

"खावन तर बघा."

काकांनी घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. मग, तुम्हाला खोटं वाटेल, दुसरी गुंडाळी मागितली! सई म्हणाली, "बाबा, भारी!" काकू म्हणाल्या, "बरा लागता गो." आणि शुभांगी? तिने बोटं चाटली आणि अगदी हळू म्हणाली, "चव आसा हां कोंब्याक."

जिंकलो! तिच्याच तोंडून ती हरल्याचं ऐकायचं म्हणून मी छाती पुढे काढून बसलो. ते दोन क्षण फार चांगले गेले. दोनच.

आबाकाका तिसरी गुंडाळी हातात घेऊन उठले. "खाता खाता आठावला. कोंब्याक चार दाणे घालून येतंय."

"कुठल्या कोंब्याला?" मी विचारलं.

"राखणेच्या! तुझ्या डालग्याखाली ठेवलंय तो."

आता राखण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या जमिनीचा एक राखणदार आहे. परड्याच्या कोपऱ्यात फणसाखाली त्याचा दगड. वर्षभर गुरंढोरं, पोरंबाळं, बागायत तो सांभाळतो, आणि वर्षातून एकदा सगळे भाऊबंद जमून त्याला कोंबडा देतात. तीच राखण. ती दोनच दिवसांनी, रविवारी होती. आणि तो कोंबडा आमच्या नांदगावच्या आत्याने वर्षभर पोसून, पायाला दोरा बांधून, खास पाठवला होता.

हे सगळं मला त्या क्षणी एकदम कळलं. हातातली गुंडाळी मी पानावर ठेवली.

मागच्या दारातून काकांचा आवाज आला. "कोंबो खंय गेलो?"

 सईने हातातल्या गुंडाळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शुभांगीनेही आधी गुंडाळीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. काका आत आले. त्यांनी आमची तोंडं बघितली, आणि मग आपल्या हातातल्या तिसऱ्या गुंडाळीकडे बघितलं.

"रे मेल्या!" काका मटकन बसले. "देवाच्या आदी माका खावक घातलंस!"

"मला काय माहीत? बाबलने आणलाय असं वाटलं!"

"बाबलान पाकीट आणलेल्यान," आता शुभांगीने तोंड उघडलं. "सकाळी माज्या हातात दिल्यान. मी फ्रीजरात ठेवलंय. माका वाटला, तुमी ताच शिजवलास."

"मग सांगायचं नाहीस?"

"तोंड उघडू नको म्हटलेल्यात ना?"

फ्रीजर उघडला. पाकीट! हाडं काढलेलं, स्वच्छ, वीस मिनिटांत शिजणारं!

"आणि मी तुका सांगूक नाय?" काका ओरडले. "काल सांजचो येवन, तुझ्या समोर उभो रवान सांगलंय, ह्यो राखणेचो कोंबो, आमच्या कुत्र्याचो भरवसो नाय, आयतवारपर्यंत हंय ऱ्हवांदे. तू मान हलवलंस! होय होय म्हटलंस!"

मी आठवून बघितलं. गुरुवारी संध्याकाळी माझ्या कानात बोंडं होती. ग्रीसची बाई पीठ मळत होती आणि तिची कृती मला पटली म्हणून मी मान हलवत होतो. समोर काका उभे होते, एवढं अंधूक आठवलं.

"ज्याच्या कानात बोंडं आहेत त्याला सांगणं, याला सांगणं म्हणत नाहीत," मी म्हणालो. हे मी आजही म्हणतो. सांगणाऱ्याची काही जबाबदारी असते की नाही?

"वर्गातल्या पोरांका असाच सांगतास?" शुभांगी म्हणाली. "आता म्हणा. चार माणसा आसत."

"कशाबद्दल? जेवण फसलं नाही! काकांनी अडीच खाल्ल्या! पैज जेवणाची होती, कोंबड्याची नव्हती!"

मुद्दा बिनतोड होता. सईसुद्धा म्हणाली, "आई, तसं बाबांचं बरोबर आहे." शुभांगीने फक्त मान डोलवली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी मी दुसरा कोंबडा शोधला. काकांची अट: तसाच तांबडा, तसाच तुरा. थेट आरोंद्याला मिळाला. येताना तो स्कूटरवर पिशवीतून प्रत्येक गावात आरवला. लोक वळून वळून बघत होते, मी मान ताठ ठेवली.

रविवारी सकाळी फणसाखाली सगळे भाऊबंद जमले. पंचवीस तरी माणसं. बायका विहिरीपाशी. काकांनी दगडासमोर नवा कोंबडा धरला, आणि केळीच्या पानावर फ्रीजमध्ये उरलेली शेवटची गुंडाळी ठेवली. म्हणाले, "देवाचो कोंबो जंय गेलो, ता देवाक दाखवूक होया."

मग गाऱ्हाणं सुरू झालं. तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला माहीत आहे. वडील माणूस देवाला एकेक गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळे हात जोडून एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मी पाच वर्षांचा असल्यापासून म्हणतोय. ते डोक्यातून येत नाही, थेट छातीतून येतं.

"बा राखणदारा म्हाराजा! सालाबादप्रमाणे तुझी लेकरा तुझी राखण घेवन तुझ्या पायाकडे इली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंची गुराढोरा, पोराबाळा सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वर्सा तुझो कोंबो वाट चुकान परदेशात गेलो!"

"व्हय म्हाराजा!" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी डोळे मिटून उभा. देवाच्या दारात हसणं मला आवडत नाही.

"तुझी पोरा शिकली, मोठी झाली. त्येंका बरी बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी श्वास घेतला. आवाज चढवला. "आणि हे जा काय झाला, ती सगळी चूक ह्या आमच्या मास्तराची, आणि आज चार माणसांत हात जोडून तो ती कबूल करता!"

"व्हय म्हाराजा!"

काय तो आवाज! फणसावरचे कावळे उडाले. मी डोळे उघडले. पंचवीस माणसं ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. त्या वेळी कुणीच काही म्हटलं नव्हतं. एकट्या माझाच आवाज होता तो, आणि माझे हात जोडलेलेच होते.

विहिरीपाशी शुभांगीने कळशी खाली ठेवली.

"ऐकलंय हां," ती म्हणाली.