नववीच्या वर्गात बोहारीण

नववीला मी इतिहास-भूगोल शिकवते आणि त्यांच्या मागोमाग येणारं थोडंसं अर्थशास्त्र. अर्थशास्त्राचे ते आठ-दहा तास गणिताच्या बाई दरवर्षी माझ्याकडे मागतात आणि दरवर्षी मी नाही म्हणते. मुलांना वर्गमूळ आलं नाही तरी चालेल, असं माझं म्हणणं नाही. पण बदलापुरात, आमच्या शाळेजवळच्या कात्रपच्या बाजारात उभं राहून टोमॅटोचा भाव का चढला हे कळत नसेल, तर त्या वर्गमुळाचं करायचं काय, हा माझा प्रश्न असतो. यावरून आमच्यात अबोला होतो आणि दोन दिवसांत डब्यातल्या भाजीवर मिटतो.

पुस्तकात वस्तुविनिमयाला अर्धं पान दिलंय. पैसा नव्हता तेव्हा लोक वस्तूच्या बदल्यात वस्तू देत, त्यात अडचणी येत, म्हणून पैसा आला आणि ती पद्धत संपली. हे 'संपली' मला दरवर्षी टोचतं. कारण मी वाढले ती त्याच पद्धतीवर. माझी आई बोहारीण आहे. लोकांचे जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, कपडे निवडून, बांधून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकायचे, त्यातून पुन्हा भांडी आणायची. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये आमची खोली, आणि त्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यांना टेकून मी बी.एड.पर्यंतचा सगळा अभ्यास केला.

पूर्वी आईची फेरी कॅम्पातल्या बराकींमधून अंबरनाथच्या चाळींपर्यंत व्हायची. मग चाळी पडल्या, इमारती आल्या, इमारतींना फाटकं आली आणि फाटकांवर 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या. आता बदलापुरात कात्रपमधलं एकच संकुल तिला आत सोडतं. चार इमारती, तेही ठरलेल्या वारीच, बस्स. तिथल्या एका जरी बाईने वॉचमनकडे तक्रार केली तरी आईचा धंदा त्या दिवशी बंद. मी तिला म्हणते, बस आता घरी, मी कमावते ना. त्यावर ती विचारते की घरी बसून काय करू, तुझ्यासारखी बडबड?

तर यंदा मी ठरवलं की वस्तुविनिमय शिकवायला तिलाच वर्गात आणायचं. मुख्याध्यापिका थोड्या बिचकल्या, पण हो म्हणाल्या. आईला पटवणं जास्त अवघड गेलं. चार भांडी मांडून खोटं खोटं दाखव, असं मी सुचवलं तर ती भडकली. "नाटक करायला मी येणार नाही," ती म्हणाली. "पोरांना खरे कपडे आणायला सांग, मी खरी भांडी आणते. पटलं तर देतील, नाही पटलं तर नेतील घरी."

इथे तिचा एक नियम सांगायला हवा. भांडं समोरच्याच्या हातात गेलं की सौदा मोडायचा नाही. नवऱ्याचा आवडता शर्ट चुकून दिला म्हणून जिने उतरून धावत आलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. आई भांड्यांची पाटी डोक्यावर चढवायची आणि पुढे निघायची. आज एकीला परत दिलं तर उद्या रोज कुणीतरी मागे धावेल, असं तिचं म्हणणं. तिच्या साडीचा पदर धरून चालताना मला त्या बायकांची दया यायची. पण मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

आई यायच्या दोन दिवस आधी मी वर्गात उपयोगिता शिकवली. ज्या वस्तूचा उपयोग नाही तिला मागणी नाही, हे फळ्यावर लिहिलं आणि वर उदाहरणही दिलं, अगदी ठासून. तुमच्या घरातलं कपाट उघडा, वर्षानुवर्षं ज्याला कुणी हात लावत नाही असा कपडा शोधा, त्याची उपयोगिता तुमच्या घरापुरती संपली. घरी विचारून तसा एकेक कपडा शुक्रवारी आणा. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. बोलते कमी, पण माझं वाक्य न वाक्य वहीत उतरवते. आई फेरीला जाते त्याच संकुलात राहते. तिने माझं उदाहरण जसंच्या तसं अमलात आणलं, फक्त घरी विचारायचं तेवढं राहिलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर आई आली. इस्त्रीची साडी, डोक्यावर पाटी. फळ्यासमोर चादर अंथरून खाली बसली, म्हणून मग चाळीस मुलंही बाकं सरकवून खाली बसली. आधी मी मुलांना आपसातच अदलाबदल करायला सांगितली. एका मुलाला वडिलांच्या शर्टाच्या बदल्यात जेवणाचा डबा हवा होता, पण ज्याच्याकडे डबा होता त्याला शर्ट नको होता, त्याला टोपी हवी होती, आणि टोपीवालीला तर काहीच नको होतं. पाच मिनिटांत वर्गाचा मासळीबाजार झाला. आईने शांतपणे त्या मुलाचा शर्ट मागून घेतला. कॉलर उलटी केली, काखेतली शिवण ताणली, उजेडासमोर धरला.

"तुला डबा पाहिजे," ती म्हणाली. "ज्याच्याकडे डबा आहे त्याला तुझा शर्ट नको. मग तुम्ही दोघं भेटून उपयोग काय? मला शर्ट पण चालतो, डबा पण चालतो. म्हणून मी फिरते."

पुस्तकात गरजांचा दुहेरी मेळ म्हणून जे दोन परिच्छेद आहेत, ते हेच. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि माझी मान आपोआप ताठ झाली होती. मग आईने मुलांशी घासाघीस केली, आणि ती खरीखुरी. जीन्स घेतली, कारण जीन्सला गिऱ्हाईक आहे. लोकरीचा स्वेटर परत केला, इथल्या उकाड्यात घालणार कोण. एका मुलीने दोन टॉप देऊन परात मागितली तेव्हा आई म्हणाली की परातीला अजून चार आण, नाहीतर चाळणी घे आणि खूश राहा. मुलगी चाळणी घेऊन खूश झाली. मागणी, पुरवठा, पर्यायी वस्तू, सगळं त्या चादरीवर झालं, आणि मला मध्ये तोंड घालायची गरजच पडली नाही.

शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. पिशवीतून घडी केलेली साडी काढून तिने आईच्या मांडीवर ठेवली आणि बदल्यात एक छोटी वाटी मागितली. सगळ्यात लहान. आईने साडीच्या घडीत हात घातला, पदर दोन बोटांत धरला, क्षणभर थांबली. मला वाटलं, नेहमीसारखी परखून बघतेय. मग तिने वाटी दिली आणि साडी बाजूला ठेवली. घंटा झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि गणिताच्या बाईसुद्धा दारात उभ्या होत्या.

साडेसहाला त्या मुलीच्या आईचा फोन आला. त्या नोकरीवरून परतताना वाटेतच होत्या. मुलीने फोनवर मोठ्या हौसेने वर्गातली गंमत सांगितली होती. ती साडी म्हणजे त्यांचा लग्नातला शालू होता, खऱ्या जरीचा, त्यांच्या आईने दागिना मोडून घेतलेला. नेसत नव्हत्या कारण फाटेल म्हणून भीती वाटायची. त्या एवढंच म्हणाल्या की मॅडम, काहीही करा, पण मला तो परत हवा.

मी आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. शालूची काळजी तर होतीच, पण मला आधी आईचा नियम आठवला, मग एका तक्रारीवर आईला बंद होईल ते संकुल आठवलं, आणि सगळ्यात आधी आठवायला हवं होतं ते शेवटी आठवलं, की त्या मुलीच्या डोक्यात हे खूळ मीच भरलं होतं. खऱ्या जरीचं मोल आईला बोटांनी कळतं. तिला ते कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. म्हणजे कळूनही तिने एका वाटीवर तो घेतला होता.

मी आता शाळेजवळ राहते; स्कूटी काढली आणि अंबरनाथवरून कॅम्प चार गाठला. खोलीला कुलूप. शेजारची म्हणाली, मघाशी घाईत आल्या, गाठोडी आत टाकली आणि पिशवी घेऊन लगेच कुठेतरी गेल्या. माझ्याकडे किल्ली असते. आत शिरले आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आईने बांधलेली गाठोडी सोडली. एक, दोन, तिन्ही. शर्ट, जीन्स, परकर, पोरांचे फ्रॉक, सगळं जमिनीवर काढलं. शालू नव्हता. घाईत आली, पिशवी घेऊन गेली, म्हणजे जुनी जरी विकत घेऊन चांदी काढणाऱ्या जरीवाल्याकडे. मी पसाऱ्यात बसून रडले. त्या मुलीच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवू लागले. माझी आई असं करणार नाही, हे वाक्य काही त्यात येईना.

तासाभराने आई आली. चप्पल काढली, पसारा बघितला, माझ्याकडे बघितलं. पाणी प्यायली. मी विचारलं, साडी कुठाय.

"देऊन आले," ती म्हणाली.

मग तिने खाली बसत, पाय चोळत, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. शाळेतून घरी येऊन ओझं टाकलं आणि साडी घेऊन ती परत बदलापूरला, त्या संकुलात गेली होती; पोरीला ती फेरीत तिथे बघून ओळखत होती. मुलगी घरी एकटी आहे असं वॉचमनने सांगितलं, म्हणून वर गेली नाही. लेकराच्या हातात एवढी मोठी वस्तू द्यायची नाही, आईच्याच हातात द्यायची, म्हणून फाटकापाशी थांबून राहिली. फोन पिशवीच्या तळाशी होता, ऐकू आला नाही. ती बाई आली तेव्हा आधी तिने साडी उलगडून दाखवली, डाग नाही, दोरा निघालेला नाही. मग पोरीला खाली बोलवायला लावून वाटी परत मागून घेतली. बाई म्हणत होती, वाटी राहू दे, मी पैसे देते. आईने ऐकलं नाही. त्या बाईने तिथेच वॉचमनला सांगितलं की यांना कधीही आत सोडा, कुठल्याही वारी.

मग वर्गातच का नाही परत केलीस, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"चाळीस पोरांसमोर तिला सांगू, की तुला अक्कल नाही?" आई म्हणाली. "पुन्हा कधी उठली असती का ती पोरगी? आणि तुला सांगितलं असतं, तर तू तिथल्या तिथे त्यावर शिकवत बसली असतीस."

तो संशय मनात लपवून तिच्यासमोर बसणं मला जमेना. मी सांगून टाकलं की मला वाटलं होतं तू विकलीस. तुझा नियम मला माहीत आहे, म्हणून वाटलं.

आई रागावली नाही. तिने एक फ्रॉक उचलून घडी घातली. "सौदा दोघांत होतो," ती म्हणाली. "एकीला आपण काय देतोय हेच माहीत नव्हतं. मग सौदा झालाच कुठे मोडायला?"

इतकी वर्षं मी विनिमय शिकवतेय. फळ्यावर व्याख्या लिहिते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात. त्या व्याख्येत जे राहून जातं, ते कॅम्प चारच्या फरशीवर बसून, शाळेत न गेलेल्या माझ्या आईने मला सांगितलं, आणि त्याआधी ती ते करून आली होती. सोमवारी वर्गात मी हे सगळं सांगणार होते, माझ्या चुकीपासून सुरुवात करून, त्या मुलीचं नाव न घेता. पण तेव्हा तिथे, तिच्या समोर, मला दुसरंच म्हणायचं होतं आणि मी ते म्हटलं. मी म्हटलं, आई, मला तुझा फार अभिमान वाटतो.

ती माझ्यापुढे रिकामी चादर पसरत म्हणाली, "सोडलीस तूच ना? मग बांध आता. आणि गाठ घट्ट मार."