शिडाचं पोट

आम्ही तासगावचे बेदाणेवाले. शेडवर ताडपत्री बांधायची तर अशी, की बोट मारलं की वाजली पाहिजे. कुठं पोट सुटलं की त्यात पावसाचं पाणी साठतं, ताडपत्री फाटते आणि वर्षाचा माल भिजतो. माझे वडील लग्नात जेवायला बसले तरी आधी वर मांडवाकडं बघतात. अशा घरात मी शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यातून फिरायचं खूळ आणलं. त्या शिडाला मुद्दाम पोट ठेवतात हे कळल्यावर तर वडिलांनी माझी आशाच सोडली.

वाईजवळच्या धरणावर माझे वाईचे सासरे हे खूळ बघायला येणार, म्हणून वडीलही आले. वाईची माणसं नावं ठेवतात तीही हसत हसत. "व्याह्यांम्होरं बुडू नगंस, म्हंजे झालं," वडील वाटेत म्हणाले. मला व्याह्यांची फिकीर नव्हती. वडिलांनी एकदा 'बरं केलंस' म्हणावं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

काठावर मी शिडात डोलकाठी ओवली, खालची दोरी पायाचा रेटा देऊन ताणली, हातात धरायचा आडवा दांडा बसवला आणि त्याच्या टोकाची दोरी बेतानंच ओढली. वारं कमी होतं, म्हणून पोट जरा जास्त ठेवलं.

"ह्ये असंच ठेवणार?" वडिलांनी विचारलं.

"आवं आण्णा, पोट पायजेच. त्यातच वारं भरतंय."

"लोकं बघत्यात रं."

मी कपडे बदलून आलो तर शीड भिंतीसारखं सपाट. टोकाची दोरी वडिलांनी ट्रॉलीतला ऊस आवळावा तशी आवळून वर गाठी मारल्या होत्या. "एक सुरकुती न्हाई," ते सासऱ्यांना दाखवत होते. त्या गाठी त्यांच्यादेखत सोडायची माझी छाती झाली नाही.

व्हायचं तेच झालं. शिडात वारं भरेना. मी उभा राहिलो, पडलो, पुन्हा उभा राहिलो आणि वाहत वाहत लांबच्या काठाला लागलो. तिथं दातांनी गाठी सोडल्या, शिडाला पुन्हा पोट ठेवलं आणि तिरका तिरका परत निघालो. फळी अशी सुटली की मी एकटाच हसत होतो.

काठ जवळ आला. सासरे टाळ्या वाजवत होते. वडील कमरेवर हात ठेवून फक्त शिडाकडं बघत होते, आणि माल भिजल्यावर पडतो तसा त्यांचा चेहरा पडला होता. मला ते बघवेना. मी शीड पाण्यात टाकलं, फळीवर बसलो आणि सगळा जोर लावून टोकाची दोरी आवळली. शीड पुन्हा उभं केलं तर फळी जागची हलेना.

वडील पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि डोलकाठी धरून मला काठाला ओढून आणलं. मग शिडावर बोट मारून बघितलं. वाजलं.

"बरं केलंस," ते म्हणाले.