आबांनी पारखलेली बॅटरी

मुळात ड्रिल मशीन मला भिंतीसाठी नकोच होतं, आबांसाठी हवं होतं.

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही त्यांना फैजपूरहून जळगावला, मेहरूणमधल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. केळीचा बाग पुतण्याने करायला घेतला, घराला कुलूप लागलं. मला वाटलं होतं, महिन्याभरात रुळतील. कसले रुळतात! सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, ऊन आलं की तीच खुर्ची दोन हात आत ओढायचे, आणि ताटातलं निम्मं तसंच ठेवून उठायचे. संध्याकाळी रोज एकच प्रश्न. "फैजपूरची शेवटची गाडी किती वाजता हाये?"

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरायचं. मी धुळ्याची, लवकर तापते. "तिथं आता आहे कोण तुमचं?" असं मी बोलून जायचे आणि मग ओट्याशी उभी राहून स्वतःलाच शिव्या घालायचे. खरं म्हणजे मला भीती वाटायची. आदल्या वर्षी, सासूबाई आमच्याकडे आलेल्या असताना, ते मागच्या अंगणात पाय घसरून पडले होते, तर दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. वडील कसे असतात ते मला लग्नानंतर या माणसाकडे बघून कळलं. ते परत जाऊन एकटे राहणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

एकदा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबकळायला लागलं. मी आमच्या ह्यांच्या मागे लागले होते आणि हे 'रविवारी बघू' म्हणत होते. आबा गॅलरीतून उठून आले, सुरीच्या टोकाने स्क्रू काढला, काडेपेटीतल्या दोन काड्यांची गुलं मोडून त्या रुंदावलेल्या भोकात खुपसल्या आणि स्क्रू परत आवळला. दार गप बसलं. त्या दिवशी आबांनी भाकरी मागून घेतली, तीही दोनदा. मी ते बरोबर हेरलं. या माणसाच्या हाताला काम दिलं तर तो इथे राहील, असा माझा सरळ हिशेब होता. बिनवायरचं चांगलं मशीन आणायचं आणि घरात जे जे हलतंय, लोंबतंय ते सगळं त्यांच्या ताब्यात द्यायचं.

आता आमच्याकडे एखादी वस्तू घ्यायची म्हणजे आधी हे मोबाइलवर तिचा अभ्यास करतात. मिक्सर घेतला तेव्हा दोन महिने मी पाट्यावर चटणी वाटत होते. इथेही तेच सुरू झालं. बारा व्होल्ट, अठरा व्होल्ट, वीस व्होल्ट, ब्रशवाली मोटर, बिनब्रशची मोटर. एका संध्याकाळी ह्यांनी निष्कर्ष जाहीर केला. मशीन महत्त्वाचं नाही म्हणे, बॅटरी महत्त्वाची. एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढे करवत घ्या नाहीतर ग्राइंडर घ्या, त्याच कंपनीचं घ्यायचं. एकीची बॅटरी दुसरीला बसत नाही.

गॅलरीतली खुर्ची खरकन वळली. आबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा घराकडे तोंड करून बसले होते.

"म्हंजे गाडी नही पाह्यची," ते म्हणाले. "बैल पाह्यचा."

तिथून सूत्रं आबांकडे गेली. कंपन्यांची नावं आमच्यात कोणी घेत नव्हतं, रंगावरूनच बोलणं चालायचं. ह्यांना ऑनलाइन मिळणारी निळी हवी होती, कारण पेटीत ड्रिलची टोकं भरपूर होती. धुळ्याला माझा धाकटा भाऊ अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो, त्याच्याकडे हिरवी. त्याचा फोन आला, "अक्का, आमनीवाली ली ले. बठ्ठासकडे हाईच शे." सगळ्यांकडे हीच आहे, आणि एकच रंग असला तर बहीणभावाला बॅटरी एकमेकांना देता येईल, हा त्याचा मुद्दा. मला तो पटलाही होता. पण आबांनी दोघांनाही उडवून लावलं. "न चालवता बैल कोनी घेते का?"

जळगावच्या दुकानदाराला आबांनी तेच विचारलं. तो बिचारा हसून म्हणाला, "बाबा, पेटी उघडली की परत घेता येत नाही." आबा उठले. माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल पोरी." त्यांना बाजारातून हात हलवत परत यायची सवय होती, मला नव्हती. रस्ताभर मी धुसफुसत होते. शेवटी मीच तोडगा काढला. भावाच्या शेडमध्ये मशीनंच मशीनं, तिथे काय चालवायचं ते चालवा म्हटलं. रविवारी आम्ही दोघं एसटीने धुळ्याला गेलो.

भावाने आपली हिरवी मोठ्या अभिमानाने पुढे केली. आबांनी एक फळी मागितली, पेन्सिलीने रेघा मारल्या आणि भोकं पाडायला सुरुवात केली. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. हिरवी ताकदीची होती, यात शंका नाही. पण अर्ध्या तासाने आबांचं मनगट खाली यायला लागलं. त्यांनी गुपचूप हात बदलला आणि मी बघितलं तर नाही ना, हे बघून घेतलं. मी बघितलं होतं. मी खिडकीच्या काचा बघत असल्याचं सोंग केलं.

शेडमधल्या कारागिराची एक छोटी लाल होती, बारा व्होल्टची. ती आबांनी उचलली आणि त्यांचा चेहराच सैल झाला. हळू चालायची, पण हातात बसायची. जेवणाची वेळ होईपर्यंत त्यांनी तिला फळीवर राबवली, शेवटी ती घरघर करून थांबली. भावाने बॅटरी काढून चार्जरला लावायला हात पुढे केला, तर आबांनी त्याचं मनगट धरलं. बॅटरीला हाताची मागची बाजू लावून बघितली.

"तापली हाये. घामाजलेल्या बैलाले लगेच पानी दाखवतेत का? जरा सुस्तावू दे."

भाऊ हसला, पण थांबला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, कंपनीना कागदवर बी हाईच लिखेल शे. आमी कोनी वाचेलच नही."

परतीच्या गाडीत आबा बोलत होते. आमच्याकडे आल्यापासून ते इतकं बोलले नव्हते. त्यांच्या शेवटच्या जोडीतला उजवीकडचा बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. राहिलेला डावीकडे चालायला शिकलेला. त्याला जोड म्हणून आबांनी तीन बाजार पालथे घातले, पण जमेना. दुसरा जुंपला की हा मान टाकायचा. अखेर एका भल्या माणसाला देऊन टाकला. "देल्यावर त्याच्यासंगं नदीपावतर गेलो," आबा म्हणाले आणि पारोळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. आपण या माणसाला घरात आणून बसवलं खरं, पण त्याच्या हातून काय काय सुटलं ते कधी विचारलंच नाही, असं माझ्या मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दुकानात. आबांनी लाल रंगाची छोटी काढायला सांगितली आणि आधी बॅटरीचं वय विचारलं. दुकानदार गोंधळला. "बैलाचे दात पाह्यतेत तसं," आबा म्हणाले. तेव्हा त्याने बॅटरीच्या पोटावर छापलेला बनवल्याचा महिना दाखवला. ती दुकानातच म्हातारी होत आलेली निघाली. आबांनी ती अलगद बाजूला सरकवली. दुकानदार मुकाट्याने आत गेला आणि नवीन मालातली घेऊन आला.

"एकच नही, जोडी दे. एक राबते तव्हा दुसरी आराम करीन."

मग पुढचा प्रश्न. पाच वर्षांनी यातली एक गेली, तर तिच्या जोडीला दुसरी मिळेल का? दुकानदाराने विचार करून सांगितलं की या रंगाची बॅटरी कित्येक वर्षं याच आकाराची येतेय, मिळायला हरकत नाही. दुसऱ्या एका पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "हिची मात्र खात्री मी देणार नाही." तो खरं बोलला म्हणून आबांनी त्याला हात जोडले. आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारलं, "फैजपूरले मियते का ही?"

"मिळते की. स्टँडजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे माल आमचाच जातो."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी पिशवी सांभाळण्यात गर्क होते.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जत्रा होती. टॉवेलाची दांडी, देवघराची फळी, पडद्याचे पाइप, सगळं आबांनी ठाकठीक केलं. एका बॅटरीवर खडूने टिकली काढली, म्हणजे कोणाची पाळी ते कळावं. वरच्या मजल्यावरच्या बाई आपला आरसा लावायला त्यांना बोलवून घेऊन गेल्या. मग समोरचे आले, मग वॉचमन त्याच्या केबिनची कडी घेऊन आला. आबा सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, मशीन पिशवीत टाकून निघायचे. जेवायला हाक मारली तर वरून ओरडायचे, "आलो, दोन भोकं राह्यली." शेवटच्या गाडीचा प्रश्न बंद झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, आणि ह्यांना दिवसातून एकदा तरी ऐकवत होते की कल्पना कोणाची होती.

एका सकाळी चहा पिता पिता आबा म्हणाले, "उद्या सकायची गाडी पकडतो."

"कुठली?"

"फैजपूरची. मांगच्या दाराची बिजागरी निंघेल हाये. खिडक्याबी पाह्यन्या पडतीन. आता मशीन हाये त करून टाकतो."

"किती दिवस?"

आबांनी कप खाली ठेवला. "राहीन म्हनतो आता तठीच."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ह्यांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यांनाही खाल्लं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, ते मशीन मी तुम्हाला इथं ठेवून घ्यायला आणलं होतं! जायला नव्हतं आणलं!"

"मले माहीत होतं," ते शांतपणे म्हणाले. "तव्हाच त हौसेनं पारखून घेतलं. पोरी, अठी आलो तव्हा मले वाटे का आपलं सारं झालं. आता कोनी देईन ते खायाचं आन् बसाचं. पन हात चालतेत अजून. ते तू दाखोलं मले. हात चालतेत तव्हर घरी राहू दे."

मी रडले आणि रडतानाही चिडलेलीच होते. दहा अटी घातल्या. सकाळ-संध्याकाळ फोन, रात्री पुतण्याच्या घरी जेवण, मागच्या अंगणात पाणी सांडलं की आधी ते पुसायचं. आबा प्रत्येक अटीला मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना स्टँडवर सोडलं. मशीनची पिशवी त्यांनी वर ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला तो असा खुशीत, की मला त्यांचा राग आला.

घरी येऊन संध्याकाळी स्वयंपाकाला लागले, तर मिक्सरच्या शेजारी प्लगला चार्जर तसाच लावलेला. पहिल्याच दिवशी हा घोळ, तिथे दोन्ही बॅटऱ्या संपल्या की हात बांधून बसतील. मी तडक फोन लावला.

"आबा, चार्जर विसरलात! मी शंभर वेळा विचारलं होतं, सगळं घेतलं का म्हणून!"

"इसरलो नही. ठेवून आलो."

"आता बॅटरी भरणार कशी? थांबा, त्या हार्डवेअरवाल्याकडे मिळेल तिथं. उद्याच घेऊन या."

"मियते त्याच्याकडे. इचारून आलो मी," आबा म्हणाले. "पन तठून घेतला त तुझ्याकडे येनं कसं होईन?"

मी चार्जर प्लगला तसाच राहू दिला.

आता दर दुसऱ्या शनिवारी आबा येतात. पिशवीतून दोन्ही बॅटऱ्या काढून ओट्यावर ठेवतात. पुष्कळदा त्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या असतात, पण मी काही विचारत नाही. आधी त्या निवू द्यायच्या, मग एकेक करून लावायची. एक बॅटरी भरायला पाऊण तास लागतो. आबा दोन दिवस राहतात.