‘आत्री’ म्हणजे झालं की होईल

सर्व्हरला हात लावण्याआधी त्याची प्रत काढून ठेवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो इतरांना इतक्या वेळा शिकवला आहे की स्वतः पाळायची आता गरज नाही, असं मला वाटू लागलं असावं.

हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शिक्षणसंस्थेचं संगणकाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. संस्थेच्या सगळ्या शाळांना मिळून एक सर्व्हर, आणि तो जुन्या प्रयोगशाळेत, हात धुवायच्या बेसिनशेजारी. जागा बदला म्हणून मी दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी समिती विचार करते. शेजारच्या खोलीत संस्थेचं दप्तर सांभाळणाऱ्या अक्का बसतात. घरी कानडी, पण मराठी हस्ताक्षर त्यांच्याइतकं भराभर वाचणारं मी कुणी पाहिलं नाही. जुनी जनरल रजिस्टरं उघडायची आणि एकेका मुलाची नोंद संगणकात चढवायची, हे त्यांचं काम. त्या वर्षी त्यांनी कधीच बंद पडलेल्या मुलींच्या मराठी शाळेची रजिस्टरं हातात घेतली होती. त्यांना वाळवी लागली होती. पान उलटलं की कोपरा हातात यायचा.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला विचारलं, “सगळं चढलं बघ. आता ही रजिस्टरं ठेवायची काय? वाळवी दुसऱ्या कपाटात जायली की.”

“खुशाल द्या रद्दीत,” मी म्हणाले. “आता सर्व्हरवर आहेत ना.”

माझं हे वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

त्यानंतर सर्व्हरवरची प्रणाली नव्या आवृत्तीवर न्यायचं ठरलं. रोजची आपोआप निघणारी प्रत डिस्क भरल्यामुळे जूनपासून बंद होती. ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच बदल करण्याआधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत काढायची होती. हे काम अण्णांकडे होतं. अण्णा म्हणजे संस्थेचे तंत्रज्ञ, वयाने मोठे, कामाला चोख. त्यांनी शनिवारी प्रत काढायची आणि मी रविवारी सकाळी, शाळा बंद असताना, बदल करायचे, असा बेत होता.

शनिवारी दुपारी मी दुर्गदबैलच्या बाजारात पडद्याचं कापड बघत होते. मागे हातगाडीवाला वाट मागत होता. तेवढ्यात आठवलं म्हणून अण्णांना फोन लावला.

“अण्णा, बॅकअप?”

“आत्री,” ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि निळं कापड घेतलं.

आता हा शब्द. कानडीत ‘आत’ म्हणजे झालं, आणि ‘री’ हे आदराचं शेपूट. पण हुबळीत ‘बरं, करतो’ म्हणायलाही हाच शब्द चालतो. जेवण झालं का? आत्री. उद्या लवकर या हं. आत्री. आम्ही मराठी घरातली माणसंही दिवसभर तो वापरतो आणि नेमका अर्थ समोरच्याच्या चेहऱ्यावरून लावतो. फोनवर ती सोय नसते. मी विचारलं होतं, झालं का? अण्णांना वाटलं, विसरू नका म्हणून सांगतायत. त्या संध्याकाळी संस्थेत वीज नव्हती. रविवारी मी दहाला येणार होते, त्याआधी नऊला जाऊन करू, असं त्यांनी ठरवलं.

मी आठलाच गेले. लवकर उरकून घरी जायचं होतं. डिस्क कपाटात असेल असं धरून चालले. कपाट उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. साडेआठच्या सुमाराला काम मध्येच अडकलं. नोंदींची जुनी मांडणी मोडून झाली होती आणि नवी उभी राहत नव्हती. मागेही जाता येईना. तरी मी घाबरले नाही, प्रत आहे म्हणून.

नऊला अण्णा आले. पिशवीतून त्यांनी कोरी डिस्क काढली आणि म्हणाले, “मोदल बॅकअप तगोळूण री?” म्हणजे आधी प्रत काढून घेऊ या ना?

वरातीमागून घोडं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. अण्णांवर मी ओरडले. फार ओरडले. चूक कुणाची हे ओरडतानाच मला कळत होतं, म्हणून आवाज जास्त चढला असेल.

जूनची प्रत सापडली, तिच्यावरून बहुतेक सगळं परत उभं राहिलं. चालू शाळांच्या पुढच्या नोंदी कागदांवरून पुन्हा चढवल्या. उरली फक्त मुलींची शाळा; तिच्या सगळ्या नोंदी जूननंतर चढल्या होत्या. सोमवारी मी गोकुळ रोडवरच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेले, तिथेच ती रद्दी गेली होती. तिथल्या माणसाने मला लगद्याची टाकी दाखवली आणि विचारलं, “यात काय शोधणार, मॅडम?” पुसलेलं परत मिळतं का बघायला सर्व्हरची डिस्क बेंगळूरला पाठवली. ती जशी गेली तशी परत आली.

अक्कांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, आणि “आत,” एवढंच म्हणाल्या. तेव्हा त्याचा अर्थ लावायची वेळच आली नाही. मला लाज वाटली, अजूनही वाटते.

दोन महिन्यांनी मी तिथे नवी डिस्क बसवत होते. मधलं दार उघडं होतं. अक्कांकडे एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या. पेन्शनसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. शिक्षण म्हणाल तर त्याच मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत. अक्कांनी त्यांचं माहेरचं नाव विचारलं आणि ते ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं.

“वडील छत्र्या दुरुस्त करायचे काय?”

“होय की! तुम्हाला कसं ठाऊक?”

“मीच चढवली होती ती नोंद. शाळा सोडल्याचं कारण, लग्न. आणि शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘हुशार. पुढे शिकवावी.’ तो रकाना सगळ्यांचा कोराच असायचा, म्हणून ध्यानात राहिलं.”

आजी अक्कांकडे बघत राहिल्या. “बाईंनी लिहिलं होतं? माझ्याबद्दल?”

“होय. पण आजी, जन्मतारीख मला आठवत नाही, आणि आठवून दाखला देता येत नाही. रजिस्टर गेलं.”

कसं गेलं ते अक्कांनी सांगितलं नाही. मी बेसिनशेजारी उभी होते, मीही सांगितलं नाही. अक्कांनी नियमाप्रमाणे पत्र लिहिलं, की सदर विद्यार्थिनीची नोंद संस्थेकडे उपलब्ध नाही. सही केली, शिक्का मारला.

आजींनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. मग कागद उलटून मागची बाजूही बघितली.

“यात ‘हुशार’ कुठं आहे?” त्यांनी विचारलं.